सांबार भरपूर लागेल

अलोऱ्याच्या प्रकल्प-वसाहतीत गणपती बसायचा तो माघात. भाद्रपदात बसवणार कोण? भाद्रपद लागला की अर्धी वसाहत कुलूपबंद. जयगडवाले जयगडला, आंजर्लेवाले आंजर्ल्याला, घाटावरचे घाटावर. मागे उरायची ती ड्यूटीवरची माणसं आणि कुत्री. म्हणून कुणीतरी शहाण्याने माघी गणपतीची टूम काढली आणि ती चालली. मूर्ती दीडच दिवसाची, पण महाप्रसाद असा की आसपासच्या वाड्यांतले लोकही पंगतीला यायचे. तीनशे पानं सहज उठायची.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. बोगद्यांची कामं संपत आली होती आणि दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या बदलीचा कागद निघत होता, तेव्हाची.

सगुणा डोर्लेकर मूळची जयगडची, खाडीकाठची. तिचा नवरा लवू प्रकल्पावर खलाशी. आता गंमत बघा, लवूचा बाप आणि आजा जन्मभर होडीवर गेले, त्यांना कागदावर कुणी खलाशी म्हटलं नाही. लवू समुद्र सोडून डोंगरात आला, क्रेनचे दोर ओढायला लागला, तर सरकारने त्याच्या नावापुढे हुद्दा लिहिला, खलाशी. वसाहतीत त्यांना अकरा वर्षं झाली होती. आणि त्या जानेवारीत लवूच्याही हातात कागद पडला. मार्चअखेर नाशिककडच्या एका धरणावर हजर व्हायचं.

कागद पाहून सगुणाला पहिल्यांदा काय आठवलं असेल? सामान नव्हे, शेजारीपाजारी नव्हेत. तिला महाप्रसादाची चूल आठवली. त्या चुलीवर एकदा तरी आपल्या हाताने टोप चढवायचा, ही तिची अकरा वर्षांची हौस. यंदा नाही तर मग कधीच नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, गेली असती आत आणि चढवला असता टोप. तसं नसतं हो. महाप्रसादाचं स्वयंपाकघर मालिनीताई फाटकांच्या ताब्यात. हेडक्लार्क हरिहर फाटकांच्या या पत्नी. कमिटीचे सेक्रेटरीही हेच फाटकभाऊ, पण चुलीपाशी सत्ता ताईंची. बाई वाईट नव्हती. सगुणाला टायफॉईड झाला तेव्हा महिनाभर रोज सकाळी पेजेचा डबा घेऊन तिच्या दारात उभी राहणारी हीच. पण महाप्रसादाच्या दिवशी सगुणा वसाहतीच्या हॉलच्या मागच्या दारात आली रे आली की ताईंच्या जिभेवर साखर यायची. सगुणा, तुझ्यासारखा नारळाचा चव कुणाला पाडता येत नाही, कसा रव्यासारखा पडतो बघ, तू आपली नारळ घेऊन बस. की सगुणा व्हरांड्यात विळीवर, खोबरं खवत. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. कोल्हापूरकडची गंगुबाई मागाहून आली, ती थेट आत जाऊन भाताला बसली. सगुणा आपली बाहेर.

कारण कुणी कधी बोललं नाही. बाप होडीवर, भाऊ होडीवर, घरात रोज मासळी, म्हणून असेल का, असं सगुणाच्या मनात यायचं. मग तिलाच आपली लाज वाटायची. आजारपणात पेज आणणाऱ्या बाईबद्दल असं मनात आणावं? कदाचित खरंच आपला चव चांगला पडत असेल. अशी ती स्वतःची समजूत घालायची आणि समजूत काही पटायची नाही.

तर त्या वर्षी झालं असं. वसाहतीत आठ महिन्यांपूर्वी वैदेही उमाळे म्हणून एक नवी मुलगी आली होती, ज्युनिअर इंजिनिअरची बायको, वर्ध्याची. बोलायला गोड, पण तिचं निम्मं बोलणं इथे कुणाला कळायचं नाही आणि इथल्यांचं तिला. महाप्रसादाची बैठक झाली तेव्हा मालिनीताई माहेरी आंजर्ल्याला गेलेल्या. वैदेहीने धीर करून सांगितलं की मी आमच्याकडची सांबारवडी करीन, पीठपाणी माझं मी बघते, फक्त सांबार भरपूर लागेल, जितकं मिळेल तितकं आणा.

फाटकभाऊ खूश झाले. कोकणात जन्म गेलेल्या माणसाला सांबारं म्हणजे काय ते सांगावं लागतं का? काळे वाटाणे, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, वरून आमसुलं. त्यांनी वहीत लिहिलं, वडी सौ. उमाळे, सांबारं भरपूर. आणि मग त्यांना साइटवरचा एक दिवस आठवला. त्या दिवशी डबा आला नव्हता म्हणून त्यांनी लवूच्या डब्यातलं सांबारं खाल्लं होतं आणि बोटं चाटली होती. घरी मात्र त्याचा चकार शब्द काढला नव्हता. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये लवू भेटला तसं त्यांनी सांगून टाकलं, सांबारं सगुणाकडे.

लवूने घरी येऊन निरोप दिला तेव्हा सगुणा भांडी घासत होती. तिने दोनदा विचारलं, हे कुणी सांगितलं, ताईंनी? लवू म्हणाला, फाटकांनी सांगितलं म्हणजे ताईंनीच सांगितलं, त्या घरात दुसरं काय असतं? सगुणाला ते पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचंच होतं. बदलीचं कळलं असणार ताईंना. जाता जाता बोलावलं. बाईने मनात ठेवलं होतं तर. सगुणाचे डोळे भरून आले आणि तिने ते राखेच्या हातानेच पुसले.

पुढचे दोन दिवस तिच्या अंगात वारं शिरलं होतं. वाटाणे स्वतः निवडले, एक खडा मिळेल तर शपथ. देवाचं काम, कांदा चालायचा नाही. कांद्याविना सांबाऱ्याला अंग कसं येणार, याचा तिने इतका विचार केला की लवूला दोन दिवस आमटी अळणी मिळाली. शेवटी तिने ठरवलं, खोबरं नेहमीपेक्षा काळसर भाजायचं, धने चढे घालायचे आणि शिजलेल्या वाटाण्यांतले मूठ मूठ वाटून परत त्यातच सोडायचे. वाटपासाठी तीन घरचे मिक्सर आणले. त्यातला एक तापून बंद पडला तेव्हा उरलेलं पाट्यावर वाटलं.

मालिनीताई आदल्या संध्याकाळी परत आल्या तोवर वाटाणे भिजून टम्म झाले होते. सांबारं सगुणाकडे दिल्याचं भाऊंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, भिजत घातलेत ना, आता काय. एवढंच.

आणि सकाळी सगुणा उंबरा ओलांडून आत गेली. कुणी काही म्हटलं नाही. तीन दगडांची मोठी चूल, त्यावर तिचा टोप. हातात लांब दांड्याचा डाव. दहाच्या सुमारास सांबाऱ्याला उकळी आली आणि वास बाहेर मांडवापर्यंत गेला. गंगुबाई भाताकडून मान वळवून म्हणाली की वास तर आमच्या कटाच्या आमटीच्या तोंडात मारतोय. सगुणा हसली. अकरा वर्षांत ती त्या खोलीत पहिल्यांदा हसली होती.

तेवढ्यात वैदेही आली. मागे दोन परातींत मळलेली कणीक, तीळ-खसखस भाजून तयार, ओलं खोबरं तयार. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, सांबार कुठी आहे?

फाटकभाऊंनी मोठ्या ऐटीत टोपावरचं झाकण उचललं. वैदेहीने आत वाकून पाहिलं. मग भाऊंकडे पाहिलं. मग परत टोपात पाहिलं.

"हे नाही हो," ती म्हणाली. "सांबार. हिरवं. तुम्ही भाजीवर टाकता ते."

क्षणभर कुणाला काही कळेना. मालिनीताईंनाच आधी उमगलं. म्हणाल्या, अगो, ही कोथिंबीर म्हणते आहे. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीच्या सारणाची वडी. मग काय हशा पिकला म्हणता. गंगुबाई तर पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. भाऊ कपाळावर हात मारून हसले, सगुणाही हसली. आणि हसता हसता भाऊ बोलून गेले, "म्हणजे सांबाऱ्याची गरजच नव्हती की."

सहज बोलले हो, मनात काही नव्हतं. पण सगुणाचं हसू तिथल्या तिथे विझलं. गरजच नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं. ताईंनी मनात ठेवलं, शेवटच्या वर्षी आठवण केली, हे सगळं तिने स्वतःच रचलेलं. एका शब्दाचा घोळ झाला म्हणून ती आत आली होती. तिने डाव टोपाच्या काठाला टेकवून ठेवला, हात पुसले आणि कुणाला काही न सांगता व्हरांड्यात जाऊन विळीवर बसली. नारळ समोरच होते. ती खवायला लागली.

लवू मांडवाचे दोर ताणत होता. त्याने तिला तिथे पाहिलं आणि जवळ आला. तिने थोडक्यात सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाली की मला घरी जायचंय, टोप त्यांचा ते बघतील. लवू काही फार बोलणारा माणूस नव्हे. 

"बोलावणं चुकीचं असंल गो," तो म्हणाला. "सांबारं चुकीचं नाय."

आणि दोर ताणायला निघून गेला.

आत वेगळाच गोंधळ माजला होता. तीनशे पानांना पुरेल एवढ्या वड्यांचं पीठ मळलेलं, आणि सारणाला कोथिंबीर नाही. वसाहतीतल्या भाजीवाल्याकडे चार जुड्या. चिपळूणला कुणाला पिटाळलं तरी परत येईस्तोवर नैवेद्याची वेळ टळणार. वैदेही बिचारी रडवेली होऊन बाहेर आली आणि सगुणाशेजारी जमिनीवरच बसली. आपल्यामुळे सगळा घोटाळा झाला, म्हणाली. आठ महिने झाले, मी एक म्हणते आणि लोक दुसरंच ऐकतात, बैठकीत काहून तोंड उघडलं मी.

सगुणाने विळी बाजूला केली. तिला त्या पोरीची एकदम कणव आली. इतक्या माणसांत आपलं म्हणून कुणी नसलं की काय होतं, ते तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

"हिरवंच पायजे ना?" तिने विचारलं. "कोथमीरच पायजे असं नाय ना?"

वैदेही म्हणाली, पाला कोवळा हवा आणि त्याचं पाणी निघायला हवं, नाही तर वडी तेलात फुटते.

आता वसाहतीच्या क्वार्टरांची एक खासियत होती. मागे प्रत्येकाला खोलीएवढं परसू, आणि प्रत्येकाने तिथे आपलं गाव लावलेलं. सगुणाला सगळ्या परसवांची खडान्‌खडा माहिती. ती टोपली घेऊन उठली, वैदेहीला बरोबर घेतलं आणि दारोदार फिरली. गंगुबाईच्या परसवातली मेथी आणि चाकवत घेतला, आंध्रातल्या फिटरच्या दारची अंबाडी घेतली, स्वतःचा मुळ्याचा पाला, कुणाचा लाल माठ, कुणाची ओंजळभर कोथिंबीर. फाटकांच्या क्वार्टरमागे शेवगा होता. त्याखाली सगुणा थबकली. वैदेहीने विचारलं, विचारायचं का ताईंना? सगुणा म्हणाली, देवाला लागतंय, त्यात विचारायचं काय, आणि फांदी वाकवली.

पाला व्हरांड्यात येऊन पडला तो गुडघाभर. मग आतल्या बायका एकेक करून बाहेर यायला लागल्या, कारण पाला निवडायचा तर जागा तिथेच होती. गंगुबाई आली, फिटरची बायको आली. शेवटी मालिनीताई आल्या, शेवग्याकडे एकदा पाहिलं, आणि खाली बसून पानं ओरबाडायला लागल्या. सगुणा मीठ लावून पाला पिळत होती, पिळून वैदेहीकडे देत होती. वैदेही त्यात तीळ, खसखस, खोबरं कालवून वड्या भरत होती. कुणी म्हणे मेथी जास्त झाली, कडू लागेल. कुणी म्हणे अंबाडीने आंबट होईल. फिटरची बायको तेलुगूत काहीतरी म्हणाली, ते कुणालाच कळलं नाही, पण तिने जिरं भरडून सारणात टाकलं आणि ते बरोबर होतं.

पहिला घाणा तळून निघाला. सगळ्याच जणी पेचात पडल्या, कारण नैवेद्याआधी चाखायचं नाही. वैदेहीने वडी मोडून नुसता वास घेतला. तिचा चेहरा पडला. कोथिंबिरीचा तो वास नव्हता, मेथी पुढे येत होती. आमच्याकडे कढीबरोबर खातात, ती म्हणाली, पण हिला कढी आवरायची नाही.

सगुणा म्हणाली, सांबाऱ्यात घालू.

मऊ पडेल, गंगुबाई म्हणाली. पडू दे, सगुणा म्हणाली, पानावर वडी मोडायची आणि वरून कढत सांबारं घालायचं. कडू झालं तर खोबरं सांभाळेल, आंबट झालं तर आमसुलं दोन कमी घालते. सगळ्यांनी मालिनीताईंकडे पाहिलं. सवयच होती तशी. ताईंनी हातातली फांदी खाली ठेवली आणि म्हणाल्या की सांबारं तिचं आहे, तिलाच ठरवू दे. सगुणा आत गेली, डाव उचलला आणि आमसुलं काढायला लागली.

पंगती बसल्या. पहिल्या पंगतीला वाढलं तेव्हा नेहमीचा गलका होता. मग गलका थांबला आणि नुसतं खाण्याचा आवाज यायला लागला. वाढपी परत परत टोपाकडे येत राहिले. घाटावरच्यांना त्यात घाटावरचं काही लागलं, कोकणातल्यांना कोकणातलं. उमाळे इंजिनिअर वर्ध्याचाच, तो म्हणाला की ही सांबारवडी नव्हे, पण आईला सांगायला हवं. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने वाढप्याला विचारलं, याला म्हणतात काय? वाढप्याने मागे वळून बायकांना विचारलं. एकीलाही सांगता आलं नाही.

शेवटची पंगत राबणाऱ्यांची. टोप मध्ये ठेवून बायका आपल्याआपणच वाढून घ्यायला बसल्या. सगुणाच्या शेजारी जागा होती, तिथे मालिनीताई येऊन बसल्या.  ताईंनी वडी खाल्ली, सांबारं द्रोणाला तोंड लावून प्यायलं. सगुणा बघत होती. तिला गप्प राहता आलं असतं. मार्चमध्ये ती जाणारच होती, सगळं गोडीत संपलं असतं. पण तिच्याच्याने राहवेना.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हा घोळ झाला नसता तर मला आत बोलावलं असतंत?"

मालिनीताईंचा हात थांबला. समोर गंगुबाई कसलीशी थट्टा करत होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. ताईंना पटकन काहीतरी गोड बोलता आलं असतं, त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी पानाकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसतं बोलावलं. का, ते तुला ठाऊक आहे."

सगुणाला राग यायला हवा होता, आणि आलाही.  पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं, आणि ते तिला मोकळं करणारं होतं. अकरा वर्षं ती स्वतःलाच दोष देत आली होती, आपलंच मन कोतं, आपणच वाकड्यात शिरतो म्हणून. मन कोतं नव्हतं तिचं. तिला जे दिसत होतं ते खरं होतं. एवढं कुणीतरी तोंडाने म्हणायला अकरा वर्षं लागली होती.

मालिनीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाल्या, चांगलं झालंय गो सांबारं, मला नाही येणार असं. पुढच्या वर्षी तू नसशील.

"शिकवीन मी," सगुणा म्हणाली. "पण माझ्या घरी यायचं. माझ्या चुलीशी. आमच्याकडे मासळी शिजते, ते ठाऊक असून यायचं."

ताई पानातला भात कालवत राहिल्या. सगुणाने पुन्हा विचारलं नाही. तिने टोपातलं उरलंसुरलं सांबारं दोघींच्या द्रोणांत घातलं आणि जेवण पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी मालिनीताई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सगुणाने वाट पाहणं सोडून दिलं आणि सामानाची खोकी गोळा करायला घेतली. चौथ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारी बांगडे साफ करत बसली होती, हात कोपरापर्यंत खवल्यांनी भरलेले, आणि पुढचं दार वाजलं. उघडंच आहे, ती आतूनच ओरडली. मालिनीताई घरातून चालत मागच्या दारापर्यंत आल्या. बांगड्यांकडे त्यांनी पाहिलं, नाकाला पदर लावला नाही. पाट ओढून घेतला, सगुणाच्या समोर बसल्या आणि विचारलं, वाटाणे किती वेळ भिजवायचे?